खंडेनवमीला थांबलेलं जग

आमच्या घरी सून आली तेव्हा तिच्यासोबत दोन बॅगा आणि एक भला मोठा खोका आला. खोक्यात मिक्सर नाहीतर डिनर सेट असंल असं मी धरून चालले होते. निघाला कॉम्प्युटर. तोही साधासुधा नाही, काळा, वजनदार, पोटात पंखे फिरणारा. मागच्या खोलीत माझ्या शिलाई मशीनशेजारी तिनं तो मांडला, त्याला वेगळा इन्व्हर्टर जोडला आणि मला म्हणाली, "आई, हा कधीच बंद करायचा नाही हं."

"का गं बाई, फ्रिज आहे का हा?"

"यात एक जग आहे," ती म्हणाली, आणि हसली नाही.

मी मनात म्हटलं, झालं. शिकलेली सून आणा, शिकलेली सून आणा, म्हणून मीच मुलाच्या मागं लागले होते. आता भोगा.

आमचं घर चिकलठाण्याला, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत. ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, सगळं आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलं. रिटायर झाल्यावर घरामागं पत्र्याचं शेड टाकलं, एक जुना लेथ आणि एक ड्रिल मशीन आणून ठेवलं, आणि आता दिवसभर तिथं खरडखरड चालते. यंत्रावर ह्यांचा भारी जीव. पण हे सुनेच्या डब्याला यंत्र मानायला तयार नव्हते. "ज्यातून काय वस्तू बाहेर पडत नाय ते कसलं यंत्र?" असं म्हणायचे. सून ऐकून घ्यायची. तिचं संशोधन होतं, घरी बसून करायचं. तिच्या सरांनी तिला एक वर्ष दिलं होतं. त्यात काही निघालं तर पुढं चालू, नाहीतर बंद. मग तिला कुठल्यातरी क्लासमध्ये शिकवायला जावं लागलं असतं, आणि त्या विचारानंच तिचा चेहरा उतरायचा.

तिच्या जगात काय होतं सांगते. पडद्यावर एक मोठी परात असावी तशी जागा. मध्ये खोलगट, भोवती उंच काठ. खोलगट भागात हिरवं काहीतरी उगवायचं, ते खाणारे बारीक बारीक जीव होते. तिनं त्यांना घडवलं नव्हतं. तिनं फक्त नियम घातले होते: खायचं, दमायचं, पिलं घालायची, मरायचं, आणि पिलू आईबापापेक्षा किंचित वेगळं निघायचं. बाकी सगळं त्यांचं त्यांनी. सुरुवातीला नुसते ठिपके होते म्हणे. मी बघायला लागले तोवर कुणाला शेपूट फुटलं होतं, कुणी घोळक्यानं फिरत होतं, कुणी दुसऱ्याचं चोरून खात होतं. आपल्या एका दिवसात त्यांचा एक जन्म सरायचा.

"घरात मुंग्या कमी आहेत का?" मी पहिल्यांदा म्हटलं होतं. आठवड्याभरात दुपारची सिरीयल सोडून मीच त्या पडद्यासमोर शेंगा सोलत बसायला लागले. एक शेपूटवाला होता, तो सारखा कळपातून मागं राहायचा. दुसऱ्या दिवशी तो दिसला नाही तर मला जेवण गेलं नाही. लाज वाटली, पण खरं ते खरं.

आता मुद्द्याचं. त्या जगाला हवामान पाहिजे होतं. सून म्हणाली, "आई, मी मनानं हवामान ठरवलं तर त्यात माझीच अक्कल उतरेल. मला असं काहीतरी पाहिजे जे माझ्या हातात नाही." म्हणून तिनं मागच्या खिडकीत एक बारका माइक लावला. आमच्या घराचा आणि गल्लीचा आवाज हेच त्यांचं हवामान. कुकरची शिट्टी झाली की तिथं ऊन वाढायचं. विमान उतरताना डोक्यावरून गेलं की वारा सुटायचा. ह्यांचा लेथ चालू झाला की थंडी.

"आणि मी ओरडले की?" मी विचारलं.

"तेव्हा पण वारा सुटतो, आई."

हे शेडातून म्हणाले, "म्हणजे तिथं बारमाही वादळ!" त्या दिवशी मी ह्यांना चहा दिला नाही.

पण सगळ्यात मोठा आवाज आमच्या गल्लीतला म्हणजे पाण्याच्या मोटारींचा. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये किती दिवस जातील त्याचा नेम नसतो. पाणी आलं की मात्र घरोघरी मोटारी एकदमच सुरू होतात आणि सगळी गल्ली घुमायला लागते. एखादी मोटार चालली तर तिथं नुसती ओल व्हायची. पण सगळ्या मिळून चालल्या की पूर. खोलगट भाग भरून जायचा, तिथं जो सापडला तो गेला. पूर ओसरला की नवं हिरवं उगवायचं आणि जे उरले त्यांची चंगळ.

एकदा सकाळी आम्ही सासू-सून चहा घेत पडद्यासमोर बसलो होतो. बघता बघता ते सगळे जीव खाणं टाकून काठाकडं निघाले. लहान, मोठे, पिलांना चिकटवून घेतलेले, सगळे. वर चढून गप्प बसले. सून चक्रावली. काही बिघडलं का, म्हणून बटणं दाबायला लागली. तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं, "आलं का हो?" आणि लगेच मोटारी घुमल्या. पडद्यावर पूर आला. एकही जीव वाहून गेला नाही.

मी सुनेकडं वळले.

"हे तू शिकवलंस?"

"नाही हो आई!" तिचे डोळे भरले होते. "मी काहीच नाही केलं. शपथ."

मग आम्हाला उलगडलं. पाणी येण्याआधी गल्लीत ड्रम सरकतात, झाकणं वाजतात, नळातून फसफस हवा येते. ती चाहूल त्यांना लागत होती. आणि नवल पुढंच आहे. दोन पाण्यांच्या मध्ये त्यांचे कितीतरी जन्म जायचे. म्हणजे जे काठावर चढले त्यांतल्या एकानंही आधीचा पूर पाहिलेला नव्हता. जे चढले नव्हते ते मागंच वाहून गेले, जे चढून लवकर उतरले तेही गेले, आणि जे पूर होऊन जाईस्तोवर काठावर बसून राहिले त्यांचीच पिलं पुढं आली. पाणी म्हणजे काय त्यांना ठाऊक नाही. मोटार ठाऊक नाही. चिकलठाणा ठाऊक नाही, आणि चहाचा कप हातात धरून त्यांच्याकडं बघणारी मी तर नाहीच नाही. तरी माझ्या घराची चाहूल त्यांच्या अंगात उतरली होती. मी साठी ओलांडलेली बाई, देवळात हात जोडताना जे कधी वाटलं नाही ते मला त्या खुर्चीत बसून वाटलं.

सरांना तिनं हे सांगितलं. सर खूश झाले, पण त्यांनी अट घातली. दसऱ्यानंतर ते सगळं बघणार, तोवर त्या जगात आतून हात घालायचा नाही आणि झालेलं पुसून मागच्या दिवसावरही जायचं नाही. जे होईल ते होऊ द्यायचं. हात घातला की वर्षाचं काम मातीमोल. सून म्हणाली, कबूल.

आणि खंडेनवमी आली.

खंडेनवमी म्हणजे ह्यांचा खरा सण. आमच्या माहेरी नांगर-कुळवाची पूजा असायची, इथं कारखान्याच्या वस्तीत यंत्रांची असते. त्या दिवशी सगळी यंत्रं बंद करायची, पुसून लख्ख करायची, हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. वर्षभर ती आपल्यासाठी राबतात, त्यांनाही एक दिवस विसावा. पूजा झालेलं यंत्र दसऱ्याच्या सकाळपर्यंत चालवायचं नाही, हा ह्यांचा नियम लई कडक. त्या दिवशी नेमकं पाणीही येणार होतं. गल्लीत ड्रमांची खडखड चालू होती, मी पाइप घेऊन गच्चीवर. मुलगा आणि सून खरेदीला क्रांती चौकात गेलेले, तिथून छावणीत तिच्या मावशीकडं जेवायला.

मी गच्चीवरून उतरले तोवर ह्यांची पूजा आटोपली होती. लेथ, ड्रिल, स्कूटर, माझं शिलाई मशीन, मिक्सर, सगळ्यांना माळा. आणि मागच्या खोलीत सुनेच्या डब्यालाही. सगळ्यात मोठी माळ त्याला. पंखे बंद, पडदा काळा, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक.

"अहो! हे काय केलंत?"

"काय म्हंजे? पूजा केली." ह्यांचा चेहरा नुसता फुललेला. "म्हटलं, पोरीचं यंत्र आहे. वर्षभर बिचारं डोळ्याला डोळा न लावता चालतंय. त्याला नको का विसावा?"

जो माणूस वर्षभर त्याला यंत्र मानत नव्हता, त्यानं मानलं ते नेमकं या दिवशी. कपाळावर हात मारून घ्यावा, नाहीतर त्यांच्या पायाच पडावं, मला कळेना.

संध्याकाळी सून आली. दारातच थबकली. माळ बघितली, काळा पडदा बघितला, मग ह्यांच्याकडं बघितलं. मी हळू आवाजात तिला काय झालं ते सांगितलं. ह्यांना तोवर माझ्याकडून सगळं कळलं होतं आणि चेहरा पार पडला होता. म्हणाले, "पोरी, सुरू कर. देव रागावत नाय. आत्ताच्या आत्ता सुरू कर."

मग पुढं होऊन तिनं त्या डब्याला हात जोडले. "राहू द्या, बाबा. उद्या सकाळी तुम्हीच सुरू करा. बंद केलं तेव्हा ते जसे होते तसे जपलेले असतात. हात घातला नाही, मागंही गेलो नाही, त्यामुळं सरांची अट मोडत नाही. आणि त्यांना काही कळणारच नाही. त्यांच्यासाठी आजचा दिवस नाहीच."

"नाहीच म्हंजे?"

"म्हणजे सकाळी एक पाऊल उचललं असेल, ते उद्या खाली पडेल. मधला दिवस आपण जगलो, ते नाही."

आम्ही ओट्यावर बसलो. ती बोलायला लागली. म्हणाली, हे माझं जग म्हणजे परातीएवढं आहे. पण पुढं, आपल्या नातवंडा-पतवंडांच्याही कितीतरी पुढं, अशी यंत्रं होतील की त्यांच्यात अख्खं विश्व चालवता येईल. तारे, नद्या, माणसं, सगळं. त्या माणसांना वाटेल आपणच खरे. तीही एक दिवस डबा बनवतील, त्यात पुन्हा जग. आणि कुणी ते मधेच थांबवलं आणि परत सुरू केलं, तर आतल्या कुणालाच पत्ता लागणार नाही.

हे म्हणाले, "मग आपलंही कुणी थांबवलं असंल?"

"काय सांगावं, बाबा."

"पूजेसाठी?"

ती हसली. मी वर बघितलं. दिवेलागणीची वेळ, एक विमान उतरत होतं, त्याच्यामागं दोन-तीन चांदण्या. रोजचंच आभाळ. पण मला एकदम भीतीही वाटली आणि कुणीतरी मायेनं डोक्यावरून हात फिरवल्यासारखंही वाटलं. एवढा मोठा पसारा, आणि त्याच्याही बाहेर कुणी फडकं घेऊन पुसत बसलेलं असंल तर! रात्री मला देवापुढं काय मागावं तेच सुचेना.

दसऱ्याला सकाळी ह्यांनी आंघोळ करून, पुन्हा हळदकुंकू वाहून, बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा उजळला. आणि आम्ही बघितलं तर सगळे जीव काठावर.

काल सकाळी ड्रम खडखडले तेव्हा ते चढले होते. चढून बसले, आणि त्याच क्षणी ह्यांनी बटण बंद केलं होतं. मग पाणी आलं, गेलं, आमची नवमी झाली. इकडं मोटारी घुमून थांबल्या होत्या आणि तिकडं ते अजून पुराची वाट बघत होते.

"उतरतील," सून म्हणाली.

उतरले नाहीत. जे लवकर उतरतात ते मरतात हेच त्यांच्या रक्तात होतं. खाली हिरवं माजलं होतं, आणि काठावर एकेक जीव भुकेनं मंद व्हायला लागला. पिलं आधी गेली. पुरणाचा घाट घातला होता मी, पण कुणाचं लक्ष लागेना. दुपारपर्यंत काठ निम्मा रिकामा झाला. मुलगा म्हणाला, "मागं जा ना, परवाच्यावर."

"म्हणजे आत्ता जे बसलेत त्यांना पुसून टाकू?" सून कडाडली. एवढा आवाज मी तिचा पहिल्यांदा ऐकला. "आणि अट?"

"मग मोबाइलवर मोटारीचा आवाज लाव."

"ते खोटं. मीच माइकपुढं नाटक केल्यासारखं. आत हात घातला काय आणि हे काय." आणि ओढणी तोंडाला लावून रडायला लागली. तिचं वर्ष वाया चाललं होतं, पण ती वर्षासाठी रडत नव्हती. मीही रडत होते, आणि माझं तर कसलंच वर्ष नव्हतं.

हे भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "खरी मोटार चालली तर?"

"एका मोटारीनं पूर येत नाही, बाबा. सगळी गल्ली लागते. आणि पाण्याला अजून किती दिवस आहेत कुणास ठाऊक."

"ते बघतो मी. आत हात घालायचा नाय ना? गल्ली तर बाहेर आहे." मला ह्या दोन्हीतला फरक फारसा कळला नाही, पण सुनेनं डोळे पुसून मान हलवली. "जे होईल ते मी सरांना जसंच्या तसं सांगेन," म्हणाली.

ह्यांनी आपट्याची पानं घेतली आणि बाहेर पडले. दसऱ्याला सोनं द्यायला हे नेहमी संध्याकाळी, नवे कपडे घालून, रमत गमत जातात. त्या दिवशी भर दुपारी, घरच्याच सदऱ्यावर, घरोघर. मी मागं मागं. सोनं द्यायचे, पाया पडणाऱ्याला आशीर्वाद द्यायचे, आणि म्हणायचे, "मी शिट्टी वाजवली की मोटार लावा. हौदातलं पाणी टाकीत चढवा. जरा वेळ, बस्स."

"पण कशापायी, काका?"

आता काय सांगणार? कुणाला समजलं असतं? हे नुसते म्हणायचे, "आत काहीजण वाट बघून राहिलेत हो. माझ्यामुळं अडकलेत."

कुणी हसलं, कुणी माझ्याकडं बघून डोळे बारीक केले, म्हातारा बरा आहे ना म्हणून. पण दसऱ्याच्या दिवशी दारात सोनं घेऊन आलेल्याला नाही कोण म्हणणार! कोपऱ्यावरचे गॅरेजवाले चाचा तर काही न विचारता म्हणाले, "अरे लगाते ना भाई, उसमें क्या है," आणि आपल्या भावाच्या घरचीही मोटार जोडायला पोरांना पिटाळलं.

ह्यांनी गल्लीच्या मधोमध उभं राहून तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांना अशी शिट्टी येते हे मला ठाऊक नव्हतं. एक मोटार सुरू झाली, मग दुसरी, मग एकदम सगळ्या. सणाच्या दुपारी, नळाला थेंब नसताना, सगळी गल्ली घुमायला लागली. लोक दारात येऊन उभे होते, कशासाठी ते माहीत नसताना.

मी धावत आत गेले. पडद्यावर पाणी चढत होतं. काठाच्या पायथ्याशी आलं, थांबलं, बाहेर मोटारी एकेक करून बंद झाल्या तसं ओसरायला लागलं. एक जीव हलला. खाली उतरला. त्याच्यामागं दुसरा. मग उरलेले सगळे, हळू हळू, अडखळत, हिरव्याकडं.

हे दारात येऊन उभे राहिले. आत यायचं धैर्य होईना. "उतरले?"

"उतरले, बाबा."

हे तिथंच उंबऱ्याशी बसले आणि लहान पोरासारखे रडले. सुनेनं त्यांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि पाया पडली.

सरांना तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं, स्वस्तिकासकट. ते म्हणे आधी हसले, आणि मग त्यांनी काम पुढं चालू ठेवायला सांगितलं. डबा अजून शिलाई मशीनशेजारी चालू आहे. खंडेनवमीला त्याला माळ घालतात, पण बटणाला हात लावत नाहीत. हे सगळ्यांना सांगतात, त्याचा विसावा झाला एकदा.

आणि मी. नळाला पाणी यायची वेळ टळली की पूर्वी माझ्या तोंडाचा पट्टा सुटायचा, पार कोपऱ्यापर्यंत ऐकू जायचा. परवा असंच झालं. ड्रम मांडून झाले, झाकणं निघाली, नळातून फसफस हवाही आली, आणि पाणी काही येईना. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी पायरीवर बसून राहिले. शेजारची म्हणाली, "काय काकू, आज शिव्या नाय?"

"राहू दे गं," मी म्हटलं. "वर कुणाच्या तरी घरी पूजा असंल. उद्या सुरू करतील."